विद्यार्थ्यांनी लिहिलेले वाचा आणि परत द्या

प्रति,
विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य
आणि नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इंग्रजी विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका मागणीसाठी लिहीत आहे आणि ती मागणी आरंभीच सांगते. इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात, साहित्याच्या प्रत्येक पेपरसाठी किमान दोनदा, स्वतःच्या शब्दांत एक पान लिहावे. ते शिक्षकांनी वाचावे, समासात खुणा आणि प्रश्न लिहून विद्यार्थ्याच्या हाती परत द्यावे आणि विद्यार्थ्याने ते सुधारून पुन्हा लिहावे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण या दुसऱ्या लेखनाला मिळावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची (म्हणजे क्रेडिटची) आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी किमान १६० श्रेयांकांची झाली आहे, मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), कौशल्याचे अभ्यासक्रम, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी नवी मांडणी आली आहे आणि या मांडणीच्या चौकटीत काय भरायचे हे आपल्यासारख्या अभ्यास मंडळांच्या बैठकांतून वर्षागणिक ठरते आहे. म्हणूनच ही गोष्ट आत्ता मांडणे मला गरजेचे वाटते. चौकट एकदा भरली, की पुढच्या पुनर्रचनेपर्यंत विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या त्याच वाटेने जातात.

मी नाशिकमध्येच इंग्रजी साहित्य शिकले आणि त्यावरच माझे पोट चालते. मी भाषांतर आणि संपादन करते. गेली काही वर्षे पंचवटीतल्या एका लहानशा अभ्यासिकेत रविवारी सकाळी पदवीच्या मुलामुलींबरोबर वाचायला बसते. त्यांतली काही शहरातली असतात, पण बरीचशी दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाड, सटाणा या भागांतून शिकायला आलेली, वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहणारी असतात. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली व्यक्ती म्हणजे तीच, असे त्यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत खरे आहे. या मुलांच्या बुद्धीविषयी माझ्या मनात जराही शंका नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या अभ्यासाच्या पद्धतीविषयी मात्र गंभीर तक्रार आहे.

ही मुले आपल्या प्रकल्पाच्या फाइली मला दाखवायला आणतात. फाइल स्पायरल बाइंडिंगची असते, वर पारदर्शक प्लॅस्टिक, आत रंगीत मुखपृष्ठ, त्यानंतर प्रमाणपत्र, त्यानंतर ऋणनिर्देश. ऋणनिर्देशातील वाक्ये बहुतेक फाइलींत तीच असतात, फक्त मार्गदर्शकांचे नाव बदलते. पुढे वीस-पंचवीस पाने मजकूर असतो आणि तो कोणत्या संकेतस्थळावरून घेतला आहे हे थोडे वाचले तरी लक्षात येते. पहिल्या पानावर लाल शाईने सही आणि तारीख असते. आतल्या पानांवर एकही खूण नसते. कुठे प्रश्नचिन्ह नाही, कुठे अधोरेखन नाही, कुठे 'हे कशावरून?' असे दोन शब्द नाहीत. फाइल तपासली गेली आणि वाचली मात्र गेली नाही, हे विद्यार्थ्यालाही कळते आणि त्याच क्षणी तो एक धडा शिकतो, की लिहिणे म्हणजे पाने भरणे. हा धडा पुढे पुसणे फार अवघड जाते. एम. ए. झालेले, प्राध्यापकपदासाठीच्या सेट या पात्रता परीक्षेची तयारी करणारे तरुण मी पाहिले आहेत, ज्यांना शंभर कादंबऱ्यांची नावे, लेखक आणि प्रकाशनवर्षे तोंडपाठ आहेत. परंतु त्यांतल्या एका कादंबरीतील एका परिच्छेदाविषयी सलग पाच वाक्ये लिहायला सांगितली, तर ते अवघडून जातात.

परीक्षेचे स्वरूपही याला हातभार लावते. महत्त्वाच्या प्रश्नांची यादी आणि गाइडातील उत्तरे या जोडीवर पदवी पदरात पडू शकते, मूळ नाटक किंवा कादंबरी एकदाही न उघडता. कवितेच्या पेपरला रसग्रहण म्हणून जे विचारले जाते तेही बहुधा आधीच वर्गात लिहून दिलेल्या कवितांविषयी असते. त्यामुळे 'अमुक कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' यासारखे कोणत्याही कवितेला चालणारे वाक्य उत्तरपत्रिकेत येते आणि त्याला गुणही मिळतात. विद्यार्थ्याला यात दोष देणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही हाती दिले आहे, त्याने ते पाठ करून परत दिले, तर त्याने आपल्या परीने सांगितलेले कामच केले.

आता एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगते, कारण माझी मागणी कशासाठी आहे ते त्यावाचून नीट समजणार नाही.

आम्ही शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या नाटकाचा पहिला अंक वाचत होतो. निफाड तालुक्यातल्या एका गावातून येणाऱ्या, तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीने त्यावर एक पान लिहिले. पहिल्या खेपेला तिने लिहिले, की या नाटकात शेक्सपिअरने मुलींचा लोभ आणि बापाचा मूर्खपणा दाखवला आहे. गाइडातही हेच आहे. मी समासात एवढेच लिहिले, की लोभ नेमका कोणत्या ओळीत दिसतो ती ओळ शोध. ती पुन्हा मूळ नाटकाकडे गेली आणि शोधताना तिला वेगळेच काही सापडले. मुलींमध्ये राज्याची वाटणी केल्यानंतर राजा लिअर स्वतःच्या राहण्याची व्यवस्था सांगतो. तो शंभर सरदारांसह दोन्ही थोरल्या मुलींकडे आळीपाळीने एकेक महिना राहणार आहे. ती ओळ वाचून ही मुलगी थांबली. वाटणी झाल्यावर म्हाताऱ्या आईवडिलांची महिन्याची पाळी लावणे हे तिच्या गावात घरोघरी चालते. कोणाकडे कोणता महिना, सणाचा महिना कोणाकडे, दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, यावरून भावाभावांत होणारी बोलाचाली तिने लहानपणापासून ऐकली होती. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये लिहिल्या गेलेल्या नाटकात एक राजा स्वतःच्या तोंडाने स्वतःची पाळी लावून घेतो आहे, हे तिच्या आधी आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या खेपेला तिने लिहिलेले पान याविषयी होते आणि ते तिथेच थांबले नाही. वाटणीच्या प्रसंगात धाकट्या कॉर्डेलियाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा लिअर दोन जावयांच्या हवाली करतो, आणि हुंडा मिळणार नाही हे कळताच बर्गंडीचा ड्यूक तिच्याशी लग्न करायला नकार देतो, हे तिने नाटकातून दाखवून दिले. मग आपल्याकडे बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, त्याच्याशी तिने याची तुलना केली. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तरीही सही करणारी बहीण शहाणी आणि हिस्सा मागणारी बहीण लोभी, हा निवाडा गाव ऐकवतच असते, हे तिने नोंदवले. शेवटी तिने विचारले होते, की या नाटकात मुलींना लोभी म्हणताना आपण कोणाच्या बाजूने उभे राहून बोलतो आहोत? गॉनरिल आणि रेगन या थोरल्या दोघी क्रूर आहेत हे तिला मान्य होते, दुसऱ्या अंकात त्या बापाचे सरदार शंभरावरून पन्नास, पन्नासावरून पंचवीस, मग दहा, पाच आणि अखेर एक तरी कशाला, असे उतरवत नेतात तो भाग तिने नेमका उद्धृत केला होता. माझ्या मते तो शेक्सपिअरच्या सर्वांत निर्दय संवादांपैकी एक आहे, कारण त्यात कोणीही आवाज चढवत नाही, नुसता हिशेब होतो. पण पहिल्या अंकातली वाटणी ही न्याय्य होती आणि नंतर मुली बिघडल्या, असे मानायला ती तयार नव्हती.

तिचे इंग्रजी निर्दोष नव्हते. उपपदे (a, an, the) गळाली होती, काळ चुकले होते, एक वाक्य तर क्रियापदावाचून संपले होते. तरीही ते साहित्याचे खरेखुरे वाचन होते. हे वाचन पहिल्या खेपेला झाले नाही, हे आपण लक्षात घ्यावे अशी विनंती आहे. समासात एक प्रश्न विचारला गेला आणि पान परत मिळाले, म्हणून ती पुन्हा नाटकाकडे गेली. ते पहिले पान एखाद्या फाइलीत सही होऊन पडले असते, तर तिला दहापैकी सात गुण मिळाले असते आणि लिअरची पाळी तिला कधीच दिसली नसती.

हे शहर या बाबतीत भाग्यवान आहे, याची आठवण देण्याचा मोह मला आवरत नाही. हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात मराठी आणि इंग्रजी शिकलेल्या वि. वा. शिरवाडकरांनी याच लिअरची गोष्ट पचवून १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आणले. त्यात राजा नाही, निवृत्त नट आहे. राज्य नाही, मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकलेली आयुष्याची कमाई आहे. त्यांनी 'मॅकबेथ' आणि 'ऑथेल्लो'ही मराठीत आणले. त्यांच्याआधी आगरकरांनी 'हॅम्लेट' आणि देवलांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणले होते. त्यांच्यानंतर इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदा करंदीकरांनी 'लिअर'चे भाषांतर केले. मराठीतील हा सगळा व्यवहार इंग्रजी साहित्य स्वतः वाचून त्यावर स्वतः लिहिणाऱ्यांनी केला. २७ फेब्रुवारीला आपण सर्व महाविद्यालयांतून कुसुमाग्रजांना हार घालतो, तेव्हा ते इंग्रजीचेही विद्यार्थी होते ही गोष्ट इंग्रजी विभागाने सांगायला हवी, कारण ती दुसरा कोणता विभाग सांगणार नाही.

इंग्रजी साहित्य हा विषय आपल्याकडे राज्यकर्त्यांनी आणला, १८३५ च्या मेकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणामागचा हेतू आपल्या भल्याचा नव्हता, म्हणून या विषयाची एवढी आस्था कशाला, असा आक्षेप मी अनेकदा ऐकते. इतिहास म्हणून तो खरा आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ मध्ये मान्य झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून हिंदुस्थानातील विद्यार्थी मिल्टन आणि शेक्सपिअर वाचून परीक्षा देत होते. परंतु आणणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याने केलेला उपयोग या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना संस्कृतची दारे बंद होती त्यांच्यासाठी इंग्रजी ही वेगळी वाट होती, आणि सावित्रीबाई फुले यांनी इंग्रजीची थोरवी गाणारी कविता लिहिली ती यामुळेच. पाठांतराची पद्धत मात्र परीक्षेपुरते इंग्रजी हवे असलेल्या जुन्या कारकुनी शिक्षणाची आहे आणि आक्षेप घ्यायचाच तर तिच्यावर घ्यावा.

आता अडचणींकडे येते. आपल्यापैकी अनेकांना मी प्रत्यक्ष ओळखते आणि आपली परिस्थिती मला माहीत आहे. मंजूर जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. विभागात दोन कायम प्राध्यापक आणि बाकीचे तासिका तत्त्वावरचे, अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला वर्गात उभे राहिल्याच्या तासाचे पैसे मिळतात. घरी बसून पाने वाचली तर त्याचे काहीही मिळत नाही आणि ते मानधनही वेळेवर येत नाही. अशा माणसाकडून अधिक कामाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. म्हणून माझी मागणी विभागप्रमुखांइतकीच अभ्यास मंडळाकडेही आहे. श्रेयांकांची विभागणी करताना चार श्रेयांकांच्या पेपरमध्ये किमान एक श्रेयांक लेखन आणि त्यावरील चर्चा यांसाठी राखून ठेवला आणि तो वेळापत्रकात तासिका म्हणून दाखवला, तर पाने वाचणे हे शिक्षकाच्या मोजलेल्या कामात येईल. आज ते न मोजलेले, म्हणून न झालेले काम आहे.

हिशेब करून पाहावा. एका वर्गात साठ विद्यार्थी धरले आणि एका पानाला पाच मिनिटे दिली, तर एका खेपेला पाच तास लागतात. सत्रात दोन लेखने, प्रत्येकाची दोन रूपे, म्हणजे वीस तास. दुसरे रूप वाचायला पहिल्याइतका वेळ लागत नाही, हा माझा अनुभव आहे. आज त्याच सत्रात साठ फाइली गोळा करणे, यादी करणे, सह्या करणे, तपासणीला येणाऱ्या समितीसाठी त्या कपाटात लावून ठेवणे यात जाणारा वेळ यातून वजा करावा. शंभर-सव्वाशेच्या वर्गात हे जमणार नाही हे मी मान्य करते. तिथे वर्गाच्या तुकड्या पाडून एका पंधरवड्यात एका तुकडीची पाने घेता येतील, आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांची पाने वाचून एक प्रश्न लिहावा असेही करता येईल. दुसऱ्याच्या लेखनावर प्रश्न विचारता येऊ लागला, की स्वतःच्या लेखनातली ढिलाई दिसू लागते.

लेखन दुरुस्त करताना पान लाल करून परत देणे मात्र टाळावे. मराठी, अहिराणी किंवा कोकणा घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या पानावर चाळीस चुका सापडतील आणि चाळीस खुणा पाहून तो पुन्हा लिहिणार नाही. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. या पानावर फक्त काळ, पुढच्या पानावर फक्त उपपदे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत; त्यामुळे ती कुठे घालायची हे नियम पाठ करून येत नाही, स्वतःच्या वाक्यात पंचवीस वेळा दुरुस्त झाल्यावर हळूहळू कळू लागते. आणि मजकुराविषयी किमान एक खरा प्रश्न प्रत्येक पानावर असावा, ज्याचे उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा मूळ कृतीकडे जावे लागेल.

भाषाशास्त्राच्या पेपरविषयीही थोडे लिहिते, कारण तिथे हीच पद्धत आणखी विचित्र रूप घेते. इंग्रजीच्या प्रमाण ब्रिटिश उच्चारात वीस स्वर आणि चोवीस व्यंजने मिळून चव्वेचाळीस ध्वनी आहेत, हे विद्यार्थी पाठ करतात. शब्दांचे ध्वनिलेखन चित्रासारखे लक्षात ठेवून उतरवतात. परंतु त्यांतले निम्मे ध्वनी त्यांनी कानाने ऐकलेले नसतात. सटाण्याकडून आलेल्या एका मुलाने मला सांगितले, की शाळेत 'ळ' म्हणता येत नाही म्हणून त्याला हसत असत. अहिराणीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. तो मुलगा काही चुकत नव्हता, आपल्या भाषेचा नियम बिनचूक पाळत होता. ध्वनिव्यवस्था म्हणजे काय, एका भाषेतला माणूस दुसऱ्या भाषेचा ध्वनी ऐकताना आपल्या व्यवस्थेतून कसा ऐकतो, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन ध्वनी मराठी कानाला एकाच 'व'सारखे का वाटतात, हे त्या मुलाला पाच मिनिटांत समजले, कारण त्याने ते भोगलेले होते. त्याने आपल्या आजीच्या बोलण्यातल्या ध्वनींवर एक पान इंग्रजीत लिहावे, असा स्वाध्याय ध्वनिशास्त्राच्या पेपरला का असू नये? नाशिक जिल्ह्यात अहिराणी, कोकणा, वारली या भाषा बोलणारी मुले आपल्या वर्गात बसलेली आहेत. भाषेच्या अभ्यासाला लागणारी सामग्री ती बरोबर घेऊन येतात आणि आपण ती वर्गाच्या बाहेर ठेवायला लावतो.

फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांसाठी इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना कुठे पाठवायचे, हा प्रश्न विभागांना पडला आहे असे कळते. काही ठिकाणी मुले एखाद्या कार्यालयात नोंदी लिहायला जातात आणि तासांचे प्रमाणपत्र आणतात. त्याऐवजी भाषांतर करायला लावावे. विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला. तो संपूर्ण इंग्रजीत यायला २०१८ उजाडले, म्हणजे पंचावन्न वर्षे लागली. या पंचावन्न वर्षांत या जिल्ह्यातून इंग्रजी घेऊन किती मुले पदवीधर झाली असतील! त्यांतल्या कोणाच्याही हाती हे काम दिले गेले नाही. गावोगावच्या वाचनालयांत, १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, दिवाळी अंकांत, मुलाखतींत, शेतीविषयक पुस्तिकांत इंग्रजीत जाण्याजोगे आणि इंग्रजीतून मराठीत येण्याजोगे अपार साहित्य आहे. दोन पानांचे भाषांतर, त्यावर संपादकाच्या खुणा, पुन्हा भाषांतर, एवढे एका सत्रात झाले तरी विद्यार्थ्याच्या हाती एक विकण्याजोगे कौशल्य येते. मी स्वतः ते विकून जगते, म्हणून हे खात्रीने सांगते.

नोकरीचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्ट बोलावा. इंग्रजी घेऊन मुलगा पुढे काय करणार, असे पालक प्रवेशाच्या खिडकीपाशी विचारतात. बी. एड. करेल, स्पर्धा परीक्षा देईल, अशी उत्तरे दिली जातात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना, द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना, रुग्णालयांना, वकिलांना, वृत्तपत्रांना नेमके आणि स्वच्छ लिहिणारा माणूस हवा असतो आणि तो मिळत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर वरवर नीटनेटके दिसणारे लेखन कोणालाही फुकट मिळू लागले आहे. स्पायरलची फाइल आता एका संध्याकाळी तयार होते. यावर पहारा वाढवून काही साधणार नाही. वर्गात बसून, समोर पुस्तक ठेवून, हाताने लिहिलेले पान आणि त्याचे आठ दिवसांनी केलेले दुसरे रूप, यांत विद्यार्थ्याचा विचार कुठून कुठे गेला हे शिक्षकाला दिसते. यंत्राने लिहिलेले बरे की वाईट हे ओळखण्यासाठीसुद्धा स्वतः वाईट लिहून, ते सुधारून, पुन्हा लिहिण्याचा अनुभव लागतो.

परीक्षेबाबत एकच सूचना करते. साहित्याच्या प्रत्येक पेपरमध्ये निदान एक प्रश्न वर्गात न शिकवलेल्या उताऱ्यावर किंवा कवितेवर असावा आणि त्याला दुर्लक्षिता येणार नाही इतके गुण असावेत. तो उतारा सोपा असला तरी चालेल. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना अशा उत्तरांसाठी ठरावीक मुद्द्यांची यादी देऊ नये; उताऱ्यातील शब्दांचा आधार देऊन केलेले कोणतेही सुसंगत वाचन ग्राह्य धरावे, अशी लेखी सूचना द्यावी. सुरुवातीची दोन सत्रे निकाल घसरेल. ती घसरण सोसण्याची तयारी प्राचार्यांनी ठेवावी यासाठी मंडळाने त्यांच्याशी आधीच बोलावे, कारण निकालाच्या टक्केवारीचा जाब शेवटी वर्गात शिकवणाऱ्यालाच विचारला जातो.

मराठीतून चर्चा करण्याविषयी काही प्राध्यापकांच्या मनात संकोच असतो, तो सोडावा अशीही विनंती आहे. लिअरविषयीची आमची सगळी चर्चा मराठीत झाली, भांडणासकट. लिहिले मात्र इंग्रजीत गेले. विचार आधी आपल्या भाषेत मोकळा झाला, की इंग्रजीत त्याच्यासाठी वाक्य शोधण्याची गरज निर्माण होते. विचारच नसेल, तर पाठ केलेले वाक्य जागा भरून काढते.

या मागण्यांतील प्रत्येक गोष्ट लगेच सर्व महाविद्यालयांत होईल अशी माझी अपेक्षा नाही. अभ्यास मंडळाने पुढील बैठकीत लेखनाच्या राखीव श्रेयांकाचा विषय चर्चेला घ्यावा आणि त्यावर काय ठरले ते विभागांना लेखी कळवावे. विभागप्रमुखांनी त्याची वाट न पाहता आपल्या अधिकारातील अंतर्गत मूल्यमापनात, नाटकाच्या किंवा कवितेच्या एकाच पेपरपुरता, हा प्रयोग येत्या सत्रापासून सुरू करावा. शहरात निवृत्त प्राध्यापक आहेत, भाषांतरकार आहेत, वृत्तपत्रांत काम केलेले संपादक आहेत. त्यांतल्या काहींशी मी बोलले आहे आणि आठवड्यातून एक सकाळ विनामूल्य पाने वाचायची त्यांची तयारी आहे. गुण देण्याचा अधिकार शिक्षकांचाच राहील, आम्ही फक्त समासात प्रश्न लिहू. जून महिन्यात वर्ग सुरू होण्यापूर्वी जो विभाग आम्हाला बोलावील, त्याच्या पहिल्या सत्राची पहिली साठ पाने वाचायला आम्ही येऊ.

आपली नम्र,
इंग्रजी साहित्याची एक माजी विद्यार्थिनी
नाशिक